मुद्दाम हरलेले सामने

बालाघाट
१ सप्टेंबर २००८

पुनाराम,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. आजवर नमस्कार तूच मला करत आलास, तेव्हा तो सध्या तुझ्याकडेच राहू दे.

तू न सांगता नागपूरला निघून गेलास. मी तुझ्या दारावरचं कुलूप पाहून परत फिरलो, तर शेजारच्या तेजरामनं हाक मारून सांगितलं, "ते तं गुरुवारीच गेले जी, अंकितकडे. चंपाबाई बी गेल्या. आता तिकडंच राह्यतीन म्हणे." तुझ्या लेकाचा पत्ता मी त्याच्याकडून कागदावर उतरवून घेतला. एकोणतीस वर्षांची आपली ओळख आणि माझ्याकडे तुझ्या मुलाचा पत्ता नाही, हे ऐकून तो माझ्याकडे कसा बघत होता ते सांगत नाही.

मी चिडलोय हे तुला ठाऊक आहे. पण का चिडलोय ते नीट कळावं म्हणून सगळं क्रमानं लिहितो. इरिगेशन खात्यात जन्म गेला आपला, आधी मोजणी मग नकाशा.

मे महिन्यात आमची नात ईरा पुण्याहून सुट्टीला आली, ती तिच्या बापानं, अनुरागनं, अमेरिकेहून आणलेला तो पांढरा डबा घेऊन आली. सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. 'वी' म्हणतात त्या डब्याला. टीव्हीला जोडायचा, टीव्हीच्या डोक्यावर एक बारीक पट्टी ठेवायची आणि रिमोट धरून हवेत हात मारायचा. इकडे आपण हात मारला की तिकडे पडद्यावरचा बाहुला रॅकेट मारतो. पहिल्या दिवशी मी इतक्या जोरात मारलं की हात पंख्याला लागता लागता राहिला, आणि सुनीती आतून म्हणाली, "टीव्ही फुटला तं नवीन येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." मग ईरानं रिमोटची दोरी माझ्या मनगटात अडकवली आणि मला दम दिला. आपल्या दोघांचे बाहुलेही तिनंच बनवले. माझ्या नाकाखाली मिशांचा झुपका, डोळ्यांवर चष्मा. तुझं टक्कल इतकं हुबेहूब काढलं की तू लाजून डोक्यावरून हात फिरवलास. रिमोट तू दोन्ही हातांनी धरला होतास, कोणी तान्हं पोर हातात दिल्यासारखा. "साहेब, हे माह्या हातून तुटलं तं?"

क्लबातलं आपलं बॅडमिंटन गुडघ्यांनी बंद पाडलं होतं. ह्या डब्याच्या टेनिसला पाय लागतच नाहीत. बाहुला आपोआप चेंडूपाशी धावतो, आपण फक्त वेळ साधून मनगट फिरवायचं. ईरा गेली, पण डबा आमच्याकडेच ठेवून गेली. मग जून आणि जुलै रोज दुपारी साडेतीनला तू यायचास. लाइट असली तर खेळ, नसली तर गप्पा, पाचला चहा. आणि रोज मी जिंकायचो. घासून, पण जिंकायचो. तू मान हलवून म्हणायचास, "साहेबाचं मनगट आजबी तसंच हाय." आणि मी मूर्ख दुसऱ्या दिवशीच्या साडेतीनची वाट बघायचो.

ऑगस्टमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आणि सुनीती नागपूरला गेलो. घराची किल्ली तुझ्याकडे. रोज दुपारी येऊन मोटर लावायची, टाकी भरायची, झाडांना पाणी घालायचं. ते तू केलंस, तक्रार नाही. परत आल्यावरही काही दिवस डॉक्टरांनी टीव्ही मना केला होता. तेवीस तारखेला परवानगी मिळाली आणि मी एकटाच खेळायला उभा राहिलो. बाहुल्यांची यादी उघडली तर तुझ्या टकलाशेजारी 'प्रो' असं लिहिलेलं. आकडा तेराशे चाळीस. माझ्या मिशांसमोर चारशे दहा.

मला वाटलं डबा बिघडला. ईराला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, तो आकडा एकट्यानं मशीनशी खेळलं की वाढतो, दोघं मिळून खेळलं की नाही. पुनाआजोबा प्रो झाले? मला हजारच्या वर जायला दोन महिने लागले!" मग तिनंच सांगितलं की डबा स्वतःची रोजनिशी ठेवतो. कोणत्या तारखेला कोणता खेळ किती वेळ चालला, सगळं त्यात असतं. मी ती उघडली. चार ऑगस्ट, टेनिस, एक तास दहा मिनिटं. पाच ऑगस्ट, एक तास पाच मिनिटं. सहा, सात, आठ, एकही नागा नाही. चार कुंड्यांना पाणी घालायला एवढा वेळ लागत नाही, पुनाराम.

माझ्या घरात माझ्यामागे खेळलास याचा राग नाही. खेळ की, डबा झिजत नाही. पण जो माणूस मशीनला लोळवून तेराशेवर जातो तो चारशे दहावाल्याकडून दोन महिने रोज हरतो, हे गणित मला सुटेना. आयुष्यभर कालव्यांचे उतार काढले मी. खालून वर चढणारं पाणी अजून पाहिलेलं नाही.

पंचवीस तारखेला तू आलास तेव्हा मी म्हटलं, आज खरा खेळ. तू म्हणालास, "कायले साहेब, होते तसं होऊ द्या." मी पुन्हा म्हटलं, खरा खेळ. तू माझ्याकडे पाहिलंस. मग दोरी घट्ट केलीस आणि तीन गेममध्ये मला एक गुण दिला नाहीस. मी नुसता हवेत माशा मारत होतो.

मी विचारलं, कधीपासून चाललंय हे? तू म्हणालास, "एकोणऐंशीपासून, साहेब."

त्यावर माझ्या तोंडून काहीतरी गेलं. रागात माणूस बोलतो. तू दोरी सोडलीस, रिमोट टीव्हीवर ठेवलास आणि चहा न घेता गेलास.

आता तूच सांग, कोणी कोणाला फसवलं? क्लबाच्या तेरा कपांवर माझं नाव कोरलंय. त्या कपांच्या गोष्टी मी नातीला रंगवून सांगितल्यात. मी तुझा साहेब आणि तू माझा ड्राफ्ट्समन, हे रिटायर झालो त्या दिवशी संपलं असं मी समजत होतो. मी तुला मित्र समजत होतो. उत्तर पाठव.

बंडोपंत


बालाघाट
११ सप्टेंबर २००८

पुनाराम,

उत्तर नाही. ठीक आहे.

मी म्हटलं, एक माणूस रागाच्या भरात खोटं बोलू शकतो, सगळं गाव कसं बोलेल? म्हणून परवा क्लबात जाऊन आलो. कोर्टाची जागा आता लग्नाच्या मंडपांना देतात, पण नथ्थू अजून तिथंच आहे. तोच आपला, जाळी बांधणारा, शटल मोजून देणारा, गुण पुकारणारा. त्याला सरळ विचारलं, नथ्थू, माझ्याशी लोक मुद्दाम हरायचे का? तो आधी हसला. मी हसत नाही हे पाहिल्यावर खुर्ची सोडून उभा राहिला.

"साहेब, हा तं क्लबचा कायदाच होता जी. तुमच्या एकट्यासाठी नाही, कोणताबी साहेब खेळो. साहेब तेरावर आले का समोरच्याचं शटल जाळीत गेलंच पाह्यजे. नवा बाबू आला का मीच त्याले समजावून सांगत होतो. म्हणो, शून्यावर नको हारू बापा, साहेबाले शक येते. बारावर हार."

आणि पुनाराम?

"पुनारामभाऊ तं कारागीर होता जी. बाकीच्यायचं हारणं दिसून जाये. त्याचं नाही दिसलं कधी. मलेबी एखाद्या दिवशी वाटे का आज साहेबानं खरंच मारलं."

घे, तुझी कीर्ती. नकाशात तुझा हात कोणी धरत नव्हतं हे मला माहीत होतं, हरण्यातही धरत नव्हतं हे आता कळलं. मग मी त्याला लालबर्‍याच्या स्पर्धेचं विचारलं. आपण खात्याच्या जीपनं गेलो होतो, मी पुढे आणि तू मागे दोन्ही रॅकेटी मांडीवर घेऊन. तिथं दुहेरीत तालुक्याच्या पोरांना आपण धूळ चारली होती. ते तरी खरं होतं ना? नथ्थू म्हणाला, "ते एकदम खरं, साहेब. तिथं पुनारामभाऊ तुमच्या बाजूनं होता ना."

मी घरी आलो. वाटलं, बायको तरी माझ्या बाजूनं चिडेल. सुनीती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाले खरंच माहीत नव्हतं?"

दर दिवाळीला ती ते कप चिंचेनं घासून लख्ख करायची. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

"जिंकून आले का तुमचा दिवस चांगला जाये. घरात शांती राहे. मी काहून बोलू?"

म्हणजे अख्ख्या बालाघाटात एकटा मीच होतो ज्याला माहीत नव्हतं. नथ्थूला माहीत, बाबूंना माहीत, बायकोला माहीत. वरातीतल्या घोड्याला वाटतं बँड आपल्यासाठी वाजतोय, तसं झालं माझं. कप पोत्यात भरून माळ्यावर टाकले. एक सुनीतीनं काढून घेतला, त्यात ती आता सुयादोरे ठेवते.

मला फार एकटं वाटतंय. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं आणि खाडाखोड मला आवडत नाही. साडेतीन वाजले की मी अजून फाटकाकडे बघतो. मग तुझा राग येतो. मग परत बघतो.

बंडोपंत


बालाघाट
२४ सप्टेंबर २००८

पुनाराम,

तुझं आंतरदेशीय मिळालं. नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचास तसल्या बारीक, सरळ अक्षरात नऊ ओळी. दहा वेळा वाचून पाठ झाल्यात. मला नीट समजल्यात ना, म्हणून परत लिहून काढतो:

"साहेबांना नमस्कार. दोन्ही पत्रं भेटली. मी फसवलं हे खरं आहे. पण साहेब, एक डाव मी तुमच्याशी खरा खेळलो होतो. चौऱ्याऐंशी साल, डिसेंबरची फायनल. आम्रपाली पहिल्यांदा खेळ पाहाले आली होती, भिंतीवर बसून होती. सात वर्षांची पोरगी पाहून राह्यली आणि बापानं मुद्दाम हारावं, हे मले जमलं नाही. मार्चमध्ये काय झालं ते तुम्हाले माहीत आहे. त्याच्यानंतर या ऑगस्टपर्यंत मी पुन्हा कधी खरा खेळलो नाही. डोळ्यात थेंब टाकत जा."

मार्चमध्ये काय झालं? मार्चमध्ये दर वर्षी जे होतं तेच झालं. साहेब लोक हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहितात. सी.आर. तुझी लिहिली, तशी बाकी अकरा जणांचीही लिहिली. किरनापूरच्या कालव्याचे तुझे नकाशे आठ दिवस उशिरा आले होते. ते लिहिणं माझं कर्तव्य होतं. बैहरला सर्व्हेचा कॅम्प उघडला होता, त्या जंगलात कोणी जायला तयार नव्हतं, तिथं हुशार ड्राफ्ट्समन हवा होता. हुशार म्हणूनच तुला पाठवलं. यात तुला फायनल कुठे दिसली?

आणि अठ्ठ्याऐंशीत तुला बैहरहून परत कोणी आणलं? मीच ना? जबलपूरला मोठ्या साहेबांकडे मी स्वतः शब्द टाकला. तू पेढ्यांचा डबा घेऊन घरी आलास, माझ्या पाया पडायला वाकलास, मी तुला वरच्या वर उचलून धरलं. सुनीतीनं चहा केला. ते तुझ्या नऊ ओळींत कुठे आलं नाही.

एका खेळासाठी मी कोणाचं वाईट करीन, असा माणूस आहे का मी? त्या फायनलनंतर तुला कप मी माझ्या हातानं दिला. शाब्बास म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्रपाली भिंतीवर होती हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

बंडोपंत


बालाघाट
१३ ऑक्टोबर २००८

पुनाराम,

दसऱ्याला तू दीक्षाभूमीवर गेला असशील. गर्दीत चंपाबाईंच्या तब्येतीला जपलंस ना?

मागचं पत्र टाकल्यापासून मला नीट झोप नाही. रोज दुपारी एकटाच डब्यासमोर उभा राहतो. चारशे दहाचे चारशे साठ झाले, पुढे सरकत नाही. मी एसडीओ होतो, खात्याचा साहेब होतो, हे त्या डब्याला सांगायची सोय नाही. चेंडूची वेळ चुकली की चुकली, तो कोणाचं तोंड बघत नाही.

गेल्या सोमवारी ऑफिसात गेलो होतो. म्हटलं, पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये मी नेमकं काय लिहिलं होतं ते एकदा डोळ्यांनी पाहून यावं. तिथला बाबू नवा, मला ओळखत नव्हता. म्हणाला, "कौनसी सीआर, बाबूजी? रिटायर आदमी की फाइल पाँच साल बाद नष्ट कर देते हैं." तुझी फाइल गेल्या वर्षी जाळली. म्हणजे मी काय लिहिलं होतं ते आता कोणालाही सिद्ध करता येणार नाही. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची रस्त्यातच इतकी लाज वाटली की पानठेल्यावरच्या बाकावर बसून राहिलो.

म्हणून आता लिहितो. मी लिहिलं होतं: 'काम समाधानकारक. वरिष्ठांशी वर्तन उद्धट. बढतीस सध्या योग्य नाही.'

किरनापूरचे नकाशे उशिरा आले नव्हते. दोन दिवस आधीच आले होते.

त्या फायनलला माझ्या सासरची माणसं आली होती. जबलपूरचे मोठे साहेब आले होते. तू मला पंधरा-नऊ, पंधरा-अकरा असं हरवलंस, आणि मधेच कधीतरी मोठे साहेब मोठ्यानं म्हणाले, "बंडोपंत, आपका ड्राफ्ट्समैन तो आपको नचा रहा है." सगळे हसले. माझा मेव्हणाही हसला. ते हसू मी डिसेंबर ते मार्च पोटात घेऊन फिरलो. अहवालांचा गठ्ठा समोर आला, तुझं नाव आलं आणि पेन चाललं. दोन मिनिटंही लागली नसतील. कायद्याप्रमाणे प्रतिकूल शेऱ्याची नक्कल तुला मिळाली, तू सही करून घेतलीस. अपील करता आलं असतं, केलं नाहीस. मी तेव्हा मनात म्हटलं, बघा, चूक होती म्हणूनच गप्प बसला.

तुझ्या मागचा माणूस हेड ड्राफ्ट्समन झाला. तू बैहरच्या तंबूत तीन वर्षं काढलीस. आम्रपालीची तिसरी ते पाचवी तू महिन्यातून एकदा बसनं येऊन पाहिलीस. आणि परत आल्यावर तू मला पेढे दिलेस. मी तुला उचलून धरलं असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. तू वाकलास तेव्हा मी पाय पुढे केले होते.

आणखी एक राहिलं. पंचवीस ऑगस्टला माझ्या तोंडून 'काहीतरी' गेलं असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. काय गेलं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि आत चहा टाकणाऱ्या सुनीतीलाही माहीत आहे. मी म्हणालो होतो, "तुमच्या लोकांच्या हातात रॅकेट दिली ती आम्ही, आणि आम्हालाच नाचवता?" सुनीती त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्या दिवशी तू रिमोट फेकून मारला असतास तरी चाललं असतं. तू तो नीट ठेवून गेलास.

मी दीड महिना तुला पत्रांमागून पत्रं लिहून विचारतोय की मला का फसवलंस. आता विचारत नाही. माफी मागतो. साध्या शब्दांत मागतो, कारण मोठे शब्द वापरले की मला माझेच अहवाल आठवतात.

एक विनंती आहे. नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यायला तुला इथल्या बँकेत यावंच लागेल, त्याशिवाय पेन्शन सुटत नाही. त्या दिवशी घरी ये आणि माझ्याशी एकदा खरा खेळ. मला धू. शून्यावर हरव. मला घाबरत नाही, माझ्याकडून काही नको आहे आणि तरी माझ्यासमोर उभा राहतो, असा एक माणूस मला आयुष्यात पाहायचाय. तो तूच असावास असं वाटतं. नाहीतर मग माझ्या आयुष्यात मित्र असा कोणी झालाच नाही, असं म्हणावं लागेल.

बंडोपंत


बालाघाट
९ नोव्हेंबर २००८

पुनाराम,

परवा तू येऊन गेलास. गाडीत नीट जागा मिळाली असेल.

तुला सांगितलं नाही, पण मी बँकेत तीन दिवस बसून होतो. माझा दाखला पहिल्याच दिवशी झाला होता. गार्ड विचारायला लागला, "दादा, आपका क्या रह गया?" अर्धं रिटायर बालाघाट त्या बाकावर भेटलं, कोणाची कवळी, कोणाचा पेसमेकर. तिसऱ्या दिवशी तू दारातून आत आलास, छत्री आणि कागदांची पिशवी घेऊन, आणि मला पाहून म्हणालास, "साहेब, तुम्ही इथं कायले बसले उन्हातान्हाचे?" माझे डोळे भरून आले. ते ऑपरेशनमुळे नव्हतं.

तू घरी आलास. सुनीतीनं पोहे केले आणि पहिली बशी तुझ्यापुढे ठेवली. ती त्या दिवशी माझ्याशीही धड बोलली. मग आपण उभे राहिलो, पाच गेमचा सामना. मी म्हटलं, माझं पत्र आठवतं ना? तू म्हणालास, "हौ, साहेब."

पहिला गेम तू घेतलास, दुसरा मी, तिसरा तू, चौथा मी. मला शंकाच आली नाही. मी घामाघूम झालो होतो, पोरासारखा ओरडत होतो, एकदा तर ओरडताना तुझ्या खांद्यावर थाप मारली. इतक्या वर्षांत मी कधी तुझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता, तो कसा आहे तेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं, हेच ते. असंच असतं ते. जिंको नाहीतर हरो, एवढ्यासाठी मी जन्मभर खेळत होतो.

शेवटच्या गेमचा शेवटचा गुण. चेंडू तुझ्या बाहुल्यापुढे अगदी सोपा आला, नुसता हात लावला असता तरी गेला असता. त्या क्षणी मी पडद्याकडे बघत नव्हतो. मी तुझ्या मनगटाकडे बघत होतो. ते हललं नाही. चेंडू निघून गेला, आणि मग हललं.

"जिंकले साहेब," तू म्हणालास.

मी म्हटलं, पुनाराम, मी सगळं लिहिलं तुला. कोणालाही कळलं नसतं ते लिहिलं. तरी?

तू दोरी सोडत होतास. "पत्रं वाचली, साहेब. आम्रपालीलेबी दाखवली. ते म्हणे, बाबा, एवढ्या मोठ्या मानसानं माफी मागली, जाऊन या. म्हून आलो. माह्या मनात आता काही नाही."

मग खरा का नाही खेळलास?

तू रिमोट टीव्हीवर ठेवलास. मग म्हणालास, "साहेब, मानसाले हरवाले राग तरी लागते, नाही तं दोस्ती. ऑगस्टमध्ये राग होता. तो आता संपला."

दुसऱ्याबद्दल तू काही बोलला नाहीस, आणि मलाही ते विचारायचा धीर झाला नाही. तू सुनीतीला आतल्या दारापर्यंत जाऊन नमस्कार केलास, मला केलास, रिक्षा नको म्हणालास आणि छत्री उघडून स्टेशनकडे चालत गेलास. ऊन होतं.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. तुला न आवडणारी गोष्ट माझ्या सांगण्यावरून करावी लागेल, आणि ती तू करशील, हेच आता मला सहन होत नाही.

तू फाटकाबाहेर पडलास तेव्हा सुनीतीनं आतून मोठ्यानं विचारलं, "कोण जिंकलं?"

मी फाटकाची कडी लावत होतो. मग तिनं परत विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. मी म्हटलं, मीच.

बंडोपंत